नदीचा पसारा

वॉशिंग्टन राज्यात राहायला आल्यावर पहिल्याच ऑक्टोबरात मी एका ओढ्याच्या साफसफाईला गेले होते. सिएटलच्या बाजूने जमिनीत खोलवर शिरलेला प्यूजेट साउंड हा समुद्राचा फाटा, आणि त्याला मिळणारा हा लहानसा ओढा. आम्ही दहा-बारा जणांनी सकाळभर प्लास्टिकच्या पिशव्या, बाटल्या, एक गंजलेली सायकल आणि दोन टायर पाण्यातून बाहेर काढले. दुपारी एका वळणावर मला फांद्यांचा ढीग अडकलेला दिसला. आडव्या पडलेल्या आल्डर झाडाच्या खोडाला काटक्या, कुजकी पाने, फेस आणि चिखल असे सगळे येऊन चिकटले होते आणि त्याच्याशी पाणी थबकून काळसर डोह साचला होता. ओढा मोकळा व्हावा म्हणून मी पाण्यात उतरले आणि फांद्या उपसून काठावर टाकू लागले. चार-पाच फांद्या निघाल्या असतील, तोच त्या दिवसाचे काम पाहणाऱ्या वयस्क जीवशास्त्रज्ञ बाई जवळ आल्या. "त्या परत ठेवा," त्या म्हणाल्या. "पण त्याआधी खाली कोण आहे ते बघून घ्या."

मी वाकून पाहिले. अंधाराला डोळे सरावायला थोडा वेळ लागला. मग खोडाखाली बोटभर लांबीचे आठ-दहा मासे दिसले, प्रवाहाकडे तोंड करून जागच्या जागी स्थिर राहिलेले. अंगावर उभे करडे पट्टे, पोटाखालच्या मागच्या पराला दुधी किनार. ती कोहो या जातीच्या सॅमन माशांची बोटुकली होती. त्याच वर्षीच्या वसंतात ती तळाच्या गोट्यांतून बाहेर आली होती आणि पुढच्या वसंतात समुद्राकडे जाणार होती. मधला सबंध हिवाळा, त्यातल्या पुरांसकट, त्यांना याच ओढ्यात काढायचा होता, आणि त्या हिवाळ्यासाठी त्यांना मिळालेला आसरा मी माझ्या हाताने मोडत होते. फांद्या मी परत ठेवल्या. पण त्या पाण्याने जशा रचल्या होत्या तशा मला काही रचता आल्या नाहीत.

त्या दिवसापासून हा विषय माझ्या मनातून गेलेला नाही. स्वच्छ नदी म्हटले की माझ्या डोळ्यांपुढे नितळ, खळाळणारे, कुठेही न अडखळणारे पाणी येत असे. प्लास्टिक आणि टायर बाहेर काढायलाच हवेत, त्याबद्दल दुमत नाही. परंतु पडलेले झाड, अडकलेल्या मुळ्या, साचलेली पाने, फुटलेला काठ, पाण्याने मध्येच बदललेली वाट, हे सगळे मी त्याच नजरेने पाहत होते, आणि ती नजर माझ्या एकटीची नव्हती. मी जे तासाभरात करायला निघाले होते, तेच या प्रदेशात शंभर वर्षांहून अधिक काळ रीतसर, खर्च करून आणि पुष्कळदा चांगल्याच हेतूने केले गेले आहे.

स्कॅजिट नदीवर आजच्या माउंट व्हर्नन शहराजवळ ओंडक्यांचा एक प्रचंड बांध होता. तो इतका जुना होता की त्याच्या पाठीवर झाडे वाढलेली होती. १८७० च्या दशकात वसाहतकऱ्यांनी तो कुऱ्हाडी-करवतींनी तोडून काढला, कारण त्यांना बोटी वर न्यायच्या होत्या आणि पूरमैदानावर शेती करायची होती. पुढे लष्कराच्या अभियांत्रिकी विभागाच्या खास बोटी प्यूजेट साउंडच्या नद्यांमधून वर्षानुवर्षे ओंडके आणि बुंधे उपसत राहिल्या. त्यातली 'डब्ल्यू. टी. प्रेस्टन' ही बोट १९८१ पर्यंत कामावर होती आणि आता अनाकोर्टेस गावात संग्रहालय म्हणून उभी आहे. मी ती पाहायला गेले होते, आणि तिचा यारीचा दांडा पाहताना मला सतत त्या खोडाखालची बोटुकली आठवत होती. लाकूड-कंपन्यांनी वेगळीच युक्ती काढली होती. डोंगरातल्या ओढ्यांवर ते तात्पुरते लाकडी बांध घालत, मागे ओंडके साठवत आणि मग बांध फोडून सगळा लोंढा एकदम खाली सोडत. त्या लोंढ्याबरोबर तळाचे गोटेही वाहून जात आणि कित्येक ओढ्यांत नुसता कातळ उरे. सगळ्यात क्लेशदायक भाग मात्र त्यानंतरचा आहे. विसाव्या शतकाच्या मध्यापासून पुढची काही दशके मत्स्यखात्यांनीच ओढ्यांतले ओंडके काढून टाकण्याची मोहीम चालवली. माशांना वर जाताना अडथळा होतो, अशी त्यांची प्रामाणिक समजूत होती.

आडवा पडलेला ओंडका पाण्यात काय करतो, हे काठावर बसून तासभर पाहिले तर बरेचसे कळते. पाणी त्याच्यावर आदळून खाली वळते आणि तळ कोरते, म्हणून तिथे डोह होतो. त्याच्या आडोशाला वेग मंदावतो, म्हणून तिथे गोटे आणि वाळू थांबतात. फांद्यांत पाने अडकतात, पानांवर किडे पोसले जातात आणि किड्यांवर पिल्ले. पूर आला की पाणी ओंडक्याला वळसा घालताना काठावर चढते, जुनी बुजलेली वाट उघडते, आणि त्या बाजूच्या संथ पाण्यात लहान मासे वाहून जाण्यापासून वाचतात. सरळ आणि साफ केलेल्या ओढ्यात यातले काहीच होत नाही. पाणी येते आणि निघून जाते.

आणि सॅमनला जे हवे ते सगळे या थांबण्यावर अवलंबून आहे. मादी समुद्रातून परत येते ती अंडी घालण्याजोगे गोटे शोधत. सुपारीपासून मुठीएवढ्या आकाराचे, सुटे, आतून पाणी खेळत राहील असे ते असावे लागतात. जागा ठरली की ती कुशीवर वळते आणि शेपटीचे जोरदार फटकारे मारते. गोटे उसळतात, बारीक गाळ वाहून जातो आणि खळगा तयार होतो. त्यात ती अंडी सोडते, नर त्याच वेळी आपले रेत सोडतो, आणि मग ती किंचित वर सरकून पुन्हा फटकारे मारते, जेणेकरून वरचे गोटे वाहत येऊन अंड्यांवर पसरावेत. कोहोची मादी अशी दोन-तीन हजार अंडी टप्प्याटप्प्याने घालते. ती अंडी गोट्यांखाली वीत-दीड वीत खोल, अंधारात, कित्येक आठवडे राहतात. पिल्ले बाहेर पडल्यावरही पोटाला चिकटलेली बलकाची पिशवी संपेपर्यंत गोट्यांतच दडून असतात. हा सगळा काळ वरून गार, प्राणवायूने भरलेले पाणी झिरपत राहावे लागते. साधारण १३ अंश सेल्सिअसच्या आत ते राहिले तर बरे. काठावरची झाडे गेली की पाणी तापते. उतारावरचे जंगल तोडून रस्ता काढला की बारीक माती येऊन गोट्यांमधल्या फटी बुजतात आणि अंडी गुदमरतात. वरून पाहणाऱ्याला ओढा तसाच दिसतो.

परतीच्या वाटेबद्दलही एक गोष्ट सांगावीशी वाटते. विस्कॉन्सिन विद्यापीठातील आर्थर हॅस्लर यांना, बालपण घालवलेल्या डोंगरात फिरत असताना, धबधब्याजवळचा शेवाळ-वनस्पतींचा वास आला आणि विसरलेल्या आठवणी एकदम जाग्या झाल्या. सॅमनही आपला ओढा असाच वासाने ओळखत असेल का, हा प्रश्न त्यांना तिथे पडला. पुढे १९७० च्या दशकात त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कोहोची पिल्ले विशिष्ट रसायनाच्या अत्यल्प वासात वाढवली, मिशिगन सरोवरात सोडली आणि नंतर एका ओढ्यात तेच रसायन मिसळले. मासे त्या ओढ्याकडे आले. समुद्रातल्या लांबच्या प्रवासात पृथ्वीचे चुंबकीय क्षेत्रही त्यांना दिशा दाखवते, परंतु शेवटचे वळण नाकच ठरवते. ओढ्याचा वास म्हणजे तरी काय? काठची माती, कुजणारी पाने, दगडावरचे शेवाळ, पाण्यात भिजत पडलेले लाकूड. ज्याला मी पसारा समजत होते, त्याचाच तो वास असतो.

मोठ्या प्रमाणावर हे सगळे एल्वा नदीवर पाहायला मिळते. ऑलिंपिक पर्वतातून निघून उत्तरेला हुआन दे फुका सामुद्रधुनीला मिळणारी ही नदी जेमतेम ७२ किलोमीटर लांबीची आहे. पॅसिफिक सॅमनच्या पाचही जाती तिच्यात येत असत. १९१३ मध्ये मुखापासून सुमारे आठ किलोमीटरवर एल्वा धरण पूर्ण झाले आणि १९२७ मध्ये नदीच्या आणखी वरच्या भागात ६४ मीटर उंचीचे ग्लाइन्स कॅन्यन धरण. धरणात माशांसाठी वाट ठेवलीच पाहिजे असा राज्याचा कायदा तेव्हाही होता, पण दोन्ही धरणांत तशी वाट ठेवली गेली नाही. जवळजवळ शंभर वर्षे सॅमन त्या पहिल्या भिंतीपर्यंत येत राहिले. त्यांच्या वाट्याला उरलेल्या आठ किलोमीटरांतही नवे गोटे येईनात, कारण गोटे, वाळू आणि ओंडके सगळे वर जलाशयांत अडून बसले होते. खाली फक्त मोठे, जड दगड उरले, जे कोणत्याही मादीला शेपटीने हलवता येण्याजोगे नव्हते.

ही धरणे काढावीत, हे लोअर एल्वा क्लालम या आदिवासी समाजाने अनेक वर्षे लावून धरले. १९९२ मध्ये अमेरिकी काँग्रेसने कायदा केला, तरी प्रत्यक्ष काम सप्टेंबर २०११ मध्ये सुरू झाले. एल्वा धरण मार्च २०१२ पर्यंत गेले आणि त्याच ऑगस्टमध्ये त्या जागेच्या वर, राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीत, चिनूक जातीचे सॅमन दिसले. ग्लाइन्स कॅन्यनचा शेवटचा भाग ऑगस्ट २०१४ मध्ये निघाला. एकूण खर्च सुमारे ३२.५ कोटी डॉलर. अडलेला गाळ सुमारे दोन कोटी घनमीटर होता. तो खाली येऊ लागला तेव्हा नदी कित्येक महिने चॉकलेटी वाहत होती, आणि ते चित्र पाहून पुष्कळांचा धीर सुटला असणार. मुखाशी मात्र त्याच गाळाने नवे किनारे उभे केले. समाजाच्या लोकांनी खालच्या टप्प्यात धरणे पडण्याआधीपासूनच ओंडक्यांचे बांध रचून ठेवले होते. जलाशय उतरल्यावर क्लालम लोकांना आपले उत्पत्तिस्थान, जे पूर्वजांच्या सांगण्यातूनच माहीत होते, पुन्हा डोळ्यांनी पाहता आले. आणि २०२३ च्या शरदात, बारा वर्षांच्या मासेमारीबंदीनंतर, त्यांनी एल्वामध्ये कोहोची पहिली, मर्यादित मासेमारी केली. हा शेवटचा तपशील मला सगळ्या आकड्यांहून महत्त्वाचा वाटतो.

मी तिथे गेले तेव्हा आटलेल्या जलाशयाच्या तळावर कोवळी विलो आणि आल्डर माणसाच्या उंचीच्या वर गेली होती. त्यांच्यामध्ये जुन्या सीडरचे रुंद बुंधे उभे होते. धरण बांधण्याआधी तोडलेल्या झाडांचे ते बुंधे शंभर वर्षे पाण्याखाली राहून वर आले होते. त्यांच्यावर खांद्याच्या उंचीवर आडव्या खाचा होत्या. करवत चालवताना उभे राहायला लाकूडतोडे त्या खाचांत फळी बसवत असत. एका खाचेत माझा अख्खा तळहात गेला. आत ओलसर, मऊ भुसा होता आणि त्यात एक इवलेसे नेच्याचे रोप उगवले होते.

या प्रदेशातील सॅमनचे काम समजून घ्यायचे तर आदिवासींच्या हक्कांची बाजू सोडून चालत नाही. अमेरिकी सरकारशी झालेल्या १८५४-५५ च्या करारांत त्यांनी जमीन सोडली, पण आपल्या नेहमीच्या जागी मासे पकडण्याचा हक्क राखून ठेवला. निस्क्वाली समाजाचे बिली फ्रँक ज्युनियर यांना हा हक्क बजावल्याबद्दल पन्नासहून अधिक वेळा अटक झाली. पहिल्या अटकेच्या वेळी ते चौदा वर्षांचे होते. न्यायाधीश जॉर्ज बोल्ट यांच्या १९७४ च्या निकालाने पकडण्याजोग्या माशांपैकी निम्म्यांवर करारबद्ध समाजांचा हक्क मान्य केला. पण नदीत मासाच उरला नाही तर निम्म्याला अर्थ काय, हा पुढचा प्रश्न रस्त्यांखालच्या मोऱ्यांपर्यंत गेला. रस्त्याच्या भरावाखालून ओढा नेणारी अरुंद नळाची मोरी: पाणी तिच्यातून सुसाट वाहते किंवा टोकाशी उंचावरून खाली पडते, आणि मासा तिथेच थांबतो. अशा राज्यमार्गांखालच्या मोऱ्या बदलण्याचा आदेश २०१८ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयातही कायम राहिला. एका मोरीमुळे वरचे कित्येक किलोमीटर पाणी रिकामे राहते, हे कळल्यापासून मी गाडीतून जाताना प्रत्येक ओढ्याच्या नावाची पाटी वाचते.

ज्या ओढ्यावरून मी सुरुवात केली, त्यावर काही वर्षांनी ओंडके ठेवण्याचे काम निघाले. अशा कामाला उन्हाळ्याचे जेमतेम दोन-अडीच महिनेच मिळतात, कारण इतर वेळी गोट्यांत अंडी असण्याचा संभव असतो. आदल्या दिवशी त्या पट्ट्याच्या दोन्ही टोकांना जाळी लावून आतले मासे हलवायचे होते. प्रशिक्षित माणसे पाण्यात सौम्य विजेचा प्रवाह सोडत, गुंगलेली पिल्ले हातजाळीत येत, आणि आमच्यासारख्यांनी ती बादलीतून वरच्या बाजूला नेऊन सोडायची. बादलीत हवेचा लहान पंप बुडबुडे सोडत होता. पंधरा-वीस पिल्ले तळाशी एका बाजूला दाटीने उभी होती. बादली जराही हिंदकळू नये म्हणून मी इतक्या सावकाश चालत होते की मागच्या मुलाने मला वाट मागितली.

दुसऱ्या दिवशी पोकलेन उतरले. डग्लस फरचे ओंडके मुळांच्या घेरासकट आणले होते. मुळे पाण्यात प्रवाहाकडे तोंड करून, बुंध्याचे दुसरे टोक काठात खोल पुरलेले, मध्ये उभे खांब ठोकलेले. आराखड्यात प्रत्येक ओंडक्याला क्रमांक होता आणि प्रत्येकाचा कोन ठरलेला होता, आणि तरी सगळे मिळून जे उभे राहायला हवे होते ते पुराने आणून टाकल्यासारखे. खालच्या बाजूला राहणारे एक गृहस्थ दिवसभर काठावर उभे होते. हे ओंडके सुटून आपल्या पुलावर आदळतील अशी त्यांना काळजी होती. ती काळजी मला मुळीच खुळी वाटली नाही. नदीला फिरायला जागा द्यायची म्हणजे कुणाच्या तरी अंगणाची, कुंपणाची, कधी घराची जागा द्यायची असते, आणि ती किंमत दुरून बोलणाऱ्याला मोजावी लागत नाही. खांब आणि काठात पुरलेली टोके त्यांच्यासाठीच होती. त्या जीवशास्त्रज्ञ बाईंनी त्यांना प्रत्येक खांब किती खोल गेला आहे ते दाखवले.

हिवाळ्यात आम्ही काठावर विलोच्या काड्या खोचल्या आणि सीडर, स्प्रूस लावले. विलोची काडी ओल्या मातीत हातभर आत ढकलली की वसंतात तिला पालवी फुटते. तिचे समाधान लगेच मिळते. सीडरचे तसे नाही. त्याचे खोड ओढ्यात पडून पाणी अडवण्याइतके जाड व्हायला शंभराहून अधिक वर्षे लागतील. पोकलेनने ठेवलेले ओंडके काही दशकांत कुजून जातील. मधल्या काळात कुणीतरी पुन्हा ओंडके आणून ठेवावे लागतील, आणि त्यानंतर आम्ही लावलेल्यांपैकी एखादे झाड एखाद्या वादळात आपोआप पाण्यात आडवे होईल. त्या दिवशी तिथे आमच्यापैकी कुणीही नसेल. हे रोप लावताना मला जितके स्पष्ट कळले तितके वाचून कधी कळले नव्हते.

इतके करूनही सारे साधत नाही. सिएटलच्या लाँगफेलो ओढ्यात अधिवास सुधारला, कोहो परत आले, आणि अंडी घालण्याआधीच मोठ्या संख्येने मेले. शरदाच्या पावसानंतर काही तासांत मासे पृष्ठभागावर भिरभिरत, तोंड उघडे टाकत आणि कुशीवर पडत. पोटे चिरून पाहिली तर अंडी जशीच्या तशी. कारण सापडायला वर्षे गेली. टायरच्या रबरात घातलेल्या ६पीपीडी या द्रव्याची ओझोनशी क्रिया होऊन ६पीपीडी-क्विनोन तयार होते, रस्त्यावर झिजलेल्या रबराच्या कणांतून ते पावसाबरोबर ओढ्यात येते आणि अत्यल्प प्रमाणातही कोहोला मारते, हे डिसेंबर २०२० मध्ये प्रसिद्ध झाले. पहिल्या दिवशी आम्ही ओढ्यातून दोन टायर उचलले होते. रस्त्यावर धावणारी हजारो टायर तेव्हा कुणाच्या लक्षातही आली नव्हती. उपाय पुन्हा मातीशीच येतो. तेच रस्त्याचे पाणी वाळू, कंपोस्ट आणि सालींच्या भुश्याच्या थरातून मुरवून सोडले तर त्यात कोहो जगतात. रस्त्याकडेने असे मुरण्याचे वाफे करावेत, आणि टायरमधले ते द्रव्यही बदलावे. एकाने दुसऱ्याची गरज संपत नाही.

ओंडके ठेवल्यानंतरच्या चौथ्या हिवाळ्यात मी मोजणीला गेले. डिसेंबरची सकाळ होती, पाणी चहाच्या रंगाचे. छातीपर्यंतचे रबरी बूट, पाण्यावरची चकाकी कापणारा चष्मा, हातात वही आणि रंगीत फितीचे रीळ. पहिल्या दोन वळणांवर काही नव्हते. तिसऱ्या ओंडक्याच्या खालच्या अंगाला, जिथे आधी नुसता घट्ट चिखलाचा तळ होता, तिथे स्वच्छ घासल्यासारख्या फिकट गोट्यांचा लांबट उंचवटा दिसला. आजूबाजूचे दगड शेवाळाने काळपट आणि मधले तेवढे उजळ. ते अंड्यांचे घरटे होते. मादी थोड्या अंतरावर मुळांच्या आडोशाला कुशीवर पडलेली सापडली. शेपटीचा खालचा भाग झिजून पांढरा, जवळजवळ हाडापर्यंत गेलेला. बाईंनी पोट उघडले; आत आठ-दहा अंडी राहिली होती, बाकी सगळी घालून झाली होती.

पुन्हा मोजली जाऊ नये म्हणून तिची शेपटी कापायची असते. तो सुरा बाईंनी माझ्या हातात दिला. मग आम्ही तिला उचलून काठावरच्या आल्डरखाली ठेवले. समुद्रातून तिने आणलेला नायट्रोजन तिथून कोल्हे, कावळे, किडे आणि मुळे वाटून घेणार होती. अशा काठांवरच्या झाडांत समुद्राच्या त्या नायट्रोजनची खूण शास्त्रज्ञांना मोजता येते. मी फितीवर तारीख, जात आणि घरट्याचे अंतर लिहिले आणि ती ओंडक्याच्या वर आलेल्या एका मुळाला बांधली. पुढच्या वळणावर जायला पाण्यातून चार पावलांची वाट होती. आम्ही काठावर चढलो आणि काटेरी ब्लॅकबेरीच्या जाळीतून लांबचा वळसा घालून गेलो.